अमेरिकेतला भाचा गोव्यात स्वतः गाडी चालवणार म्हणतोय: लायसन्स, भाड्याची गाडी आणि आपले नियम

डोंबिवलीचा_मामा

नमस्कार मंडळी. बहीण सहकुटुंब डिसेंबरात न्यू जर्सीहून येते आहे. भाचा २४ वर्षांचा, जन्म तिकडचाच, पासपोर्ट अमेरिकन, शिवाय ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड. बेत असा आहे की मोपाला उतरायचं, आधी उत्तर गोवा, मग बांद्यावरून मालवण-देवगड आणि शेवटी रेल्वेने घरी. भाच्याला ड्रायव्हर नको आहे. "मामा, मी रोज हायवेवरच असतो," हे त्याचं पालुपद.

मी एक-दोन सेल्फ ड्राइव्ह ॲप बघितली. त्यांना भारतीय मोबाइल नंबर हवा, आधार हवं, आणि लायसन्सच्या रकान्यात अमेरिकन नंबर टाकला की ॲप पुढेच सरकत नाही. मग मनात आलं, गाडी माझ्या नावावर, माझ्या लायसन्सवर घ्यावी आणि चालवेल तो. बरोबर मी असणारच आहे. चालेल ना? आणि त्याचं तिकडचं लायसन्स इथे ग्राह्य धरतात का? शिवाय त्याला गोव्यात एक दिवस स्कूटरही हवी आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

एडिसनकर

मामा, पहिलं काम म्हणजे त्याला निघण्याआधी आयडीपी काढायला सांगा, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. अमेरिकेत ते 'ट्रिपल ए' ही वाहनचालकांची संघटना देते. फी २० डॉलर, दोन पासपोर्ट फोटो, मूळ लायसन्सची प्रत. सभासद असायची गरज नाही. मुदत एक वर्ष. आपला देश १९४९च्या जिनिव्हा कराराचं परमिट मानतो आणि अमेरिकेत मिळतं ते तेच.

दोन गोष्टी त्याच्या कानावर घाला. एक, हे परमिट एकट्याने कुचकामी आहे. ते मूळ लायसन्सचं भाषांतर, त्यामुळे प्लास्टिकचं कार्ड खिशात हवंच. दोन, नेटवर 'तीन वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स, घरपोच, ऐंशी डॉलर' असल्या साइट्सचं पीक आलंय. ते छापील कागद आहेत, परमिट नाही. इथे उतरल्यावर काढू असंही चालत नाही, ज्या देशाचं लायसन्स त्याच देशात परमिट मिळतं.

सदाशिव_पेठी

अमेरिकेचं लायसन्स इंग्रजीतच आहे, भाषांतर कशाला? माझा मेहुणा दर वर्षी येतो, नुसतं लायसन्स दाखवतो. कोणी काही बोलत नाही.

क्लेमवाला

पेठी, कोणी बोलत नाही कारण अजून काही घडलेलं नाही. मी मोटार विम्याच्या क्लेममध्ये काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामांचा बेत, म्हणजे करार मामांच्या नावावर आणि चाक भाच्याच्या हाती, हा या धाग्यातला सगळ्यात महागडा बेत आहे. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. विमा कंपनी बघते चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स होतं का. भाड्याने गाडी देणारा बघतो चालवणारा करारात होता का. भाच्याकडे लायसन्स आणि आयडीपी दोन्ही असलं तरी करारात त्याचं नाव नसेल तर मालक सरळ म्हणतो, तुम्ही करार मोडलात, नुकसान पूर्ण तुमचं. मग 'नुकसानभरपाई अमुक रकमेपर्यंतच' ही जी सवलत तुम्ही पैसे मोजून घेतलेली असते ती गेली. गाडी गॅरेजात जितके दिवस पडून राहील तितक्या दिवसांचं भाडंही लावतात. करारात ते बारीक अक्षरात असतं.

आणि दुसऱ्याला लागलं तर? चालकाचं लायसन्स ग्राह्य नाही असं ठरलं तर जखमीला विमा कंपनी पैसे देते आणि मग गाडीमालकाकडून वसूल करते. मालक ते कोणाकडून वसूल करणार, हे सांगायला नको.

मोटार वाहन कायद्याचं म्हणाल तर विनालायसन्स चालवलं की कलम १८१, दंड ५००० रुपये. चालवायला देणाऱ्यालाही कलम १८० आहे, तेही ५०००. २०१९च्या दुरुस्तीनंतरचे आकडे सांगतोय. पण दंड ही यातली चिल्लर आहे.

थोडक्यात, बुकिंग भाच्याच्याच नावावर करा. नाहीतर त्याचं नाव 'दुसरा चालक' म्हणून करारात लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर "हो हो चालेल" म्हणाला ते धरू नका, कागदावर नाव दिसलं पाहिजे.

पेडण्याचो

मी मोपाच्या जवळचाच. मामा, ॲपच्या मागे लागू नका. गोव्यात रेंट-अ-कॅबचे परवानेवाले स्थानिक धंदेवाले आहेत, त्यांना परदेशी लायसन्सची सवय आहे. पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसा किंवा ओसीआय, लायसन्स आणि आयडीपी घेतात, विमानतळावर गाडी आणून देतात. वयाची अट बहुतेकांकडे २१ किंवा २३, म्हणून २४ला अडचण नाही. मूळ पासपोर्ट मात्र कोणाच्या हातात ठेवू नका. डिपॉझिट जास्त घे म्हणायचं, पासपोर्ट नाही.

आता मुख्य गोष्ट: पाटी. काळी पाटी, पिवळी अक्षरं, ती भाड्याने स्वतः चालवायची गाडी. पिवळी पाटी, काळी अक्षरं, ती टॅक्सी. पांढरी पाटी, काळी अक्षरं, ती खाजगी. डिसेंबरात काळ्या पाटीच्या गाड्या संपतात आणि मग "माझ्या भावाची गाडी आसा, सवाय दितां" (स्वस्तात देतो) म्हणणारे भेटतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा. पोलिसांनी धरलं की म्हणायचं काय, तेही शिकवून ठेवतात: "मित्राची गाडी आहे म्हणा." मित्राचं नाव विचारलं की पर्यटक आरसी उघडून वाचायला लागतो. हे मी म्हापशाच्या नाक्यावर उभ्याउभ्या पाहिलंय, हवालदारालाही हसू आवरत नव्हतं.

क्लेमवाला

पेडण्याचो यांना जोडून: पांढऱ्या पाटीच्या गाडीचा विमा खाजगी वापराचा असतो. भाड्याने दिली हे निघालं की क्लेम फेटाळायला तेवढं कारण पुरतं. स्वस्त पडते म्हणून घेऊच नका.

लीड्सवाली

यूकेवाल्यांसाठी: आयडीपी आता पोस्टात मिळत नाही, एप्रिल २०२४पासून पेपॉइंटच्या दुकानात मिळतं, साडेपाच पौंड. १९४९चं मागायचं. दुकानदार विचारतोच कुठे चाललात, पण आपण सांगितलेलं बरं.

स्कूटरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मीच बोलते. आयडीपीवर गाड्यांचे प्रकार असतात आणि मूळ लायसन्सवर जो प्रकार आहे त्यापुढेच शिक्का मारतात. भाच्याच्या लायसन्सवर मोटरसायकल नसेल तर परमिटवरही 'ए'समोर शिक्का नसणार, आणि मग ॲक्टिव्हा चालवणं म्हणजे विनालायसन्सच. आमच्याकडचं नुसतं कारचं लायसन्सही ११० सीसीच्या स्कूटरला चालत नाही. प्रवास विमा घेतला असेल तर तोही बघा, विनापरवाना दुचाकीवरची मोडतोड बहुतेक कंपन्या बाहेर ठेवतात. हॉस्पिटलचं बिल कोणाच्या बोकांडी बसेल विचार करा. स्कूटर भाड्याने देणारा शिक्का बघत नाही, किल्ली देऊन मोकळा होतो.

डोंबिवलीचा_मामा

अरे बापरे. लायसन्स नुसतं कारचं आहे, आत्ताच फोन करून विचारलं. स्कूटर बाद.

पेडण्याचो

स्कूटरची हौस असेल तर पायलटच्या मागे बसवा त्याला. पिवळी-काळी मोटरसायकल, परवाना असलेला चालक. तिथेही हेल्मेट घालायचं मात्र.

ताई_नाशिकच्या

सगळं वाचलं. पण मुळात एवढा खटाटोप कशाला म्हणते मी? ड्रायव्हरसकट गाडी घ्या. आम्ही तेच करतो. भाचा सुट्टीवर आलाय, त्याने खिडकीतून बाहेर बघावं. नव्या रस्त्यावर, उलट्या बाजूने, गर्दीत, आणि बरोबर आईवडील. एक ओरखडा आला तरी ट्रिपचा विचका.

एडिसनकर

ताई, सहमत नाही. ड्रायव्हर घेतला की त्याचं जेवण, त्याची झोप, "साहेब, तिकडे रस्ता खराब आहे" हे सगळं आलं. अमेरिकेतली मुलं १७व्या वर्षापासून चालवतात आणि नियम पाळायची सवय असते. फक्त काही सवयी भारतात उलट्या पडतात, त्या आधी माहीत हव्यात. न्यू जर्सीत लाल दिव्याला थांबून, बघून उजवीकडे वळता येतं. तीच सवय डावीकडे वळताना हात दाखवते. आपल्याकडे डावं वळण आपोआप मोकळं नसतं, 'फ्री लेफ्ट'ची पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच. आणि बिअर. तिकडे मर्यादा रक्तात ०.०८ टक्के, इथे ०.०३, म्हणजे १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. तिकडच्या हिशेबाने 'एकच घेतली' हे इथे चालत नाही. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गोव्यात किनाऱ्यावर जेवण झालं की चाक दुसऱ्याने धरायचं, हे घरूनच ठरवून निघा.

लीड्सवाली

एडिसनकरांना +१. माझे मिस्टर लीड्सला डावीकडूनच चालवतात, तरी कोकणात पहिल्या दिवशी त्यांची भंबेरी उडाली, आणि त्याचं कारण होतं डिपर. आमच्याकडे समोरच्याने दिवे चमकवले की अर्थ 'तू जा, मी थांबतो'. आपल्याकडे नेमका उलटा: 'मी येतोय, तू थांब'. अरुंद पुलाच्या तोंडाशी समोरून टेम्पोने दिवे मारले, यांनी हसून हात हलवून आभार मानले आणि गाडी घातली पुलावर. टेम्पोवाला ब्रेक मारून काचेतून तोंड बाहेर काढून जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अजून एक: मारुती, ह्युंदाईत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. अमेरिकेत आणि आमच्याकडे डाव्या हाताला. त्यामुळे पहिला दिवसभर वळताना इंडिकेटरऐवजी वायपर फिरतो, कोरड्या काचेवर करकर करत. हसू येतं, पण मागच्याला तुम्ही वळताय हे कळतच नाही.

सदाशिव_पेठी

हे नियम नव्हेत, हे संकेत. कायद्यात डिपरचा तसा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला तर महाराष्ट्र सरकारने २०१५ सालीच बंदी घातली आहे. जाता का वाचायला?

कुडाळचो_बाबू

पेठी, कायदा तुमच्याकडे, रस्ता आमच्याकडे :)

मामा, बांद्यापासून पुढे मी सांगतो. पत्रादेवी ते कुडाळ एनएच ६६ चौपदरी आहे, छान. तिथे एकच धोका: गाडी पळते म्हणून पोरगा पळवणार, आणि मधल्या दुभाजकातल्या फटीतून उलट्या बाजूने मोटरसायकल येणार किंवा गुरं बसलेली असणार. रात्री काळी म्हैस दिसत नाही म्हणजे नाही. काळोख पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं ठरवा.

खरी परीक्षा कुडाळ सोडल्यावर. मालवण-देवगडकडचे आतले रस्ते एकेरी, दोन्ही बाजूला चिऱ्यांचे गडगे. वळणावर समोरून एसटी आली की भाच्याला वाटणार, आपण दोघं थोडं थोडं बाजूला होऊ. एसटी होत नाही. ती तशी उभी राहते, कंडक्टर खाली उतरतो, गाडीच्या मागे जाऊन बोनेटवर थाप मारल्यासारखी डिकीवर थाप मारत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स" करत तुम्हाला मागे नेतो. तेव्हा रिव्हर्स चांगला येणारा माणूस हवा आणि गाडी लहान हवी. गोव्यात सगळ्यांना थार हवी असते फोटोला. माझं ऐका, स्विफ्ट किंवा आय-१० ऑटोमॅटिक घ्या.

वळणाआधी हॉर्न द्यायचा. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी, इकडे ती हाक आहे. पाटीच असते कित्येक ठिकाणी.

आणि राहिलं: परत येताना इन्सुलीचा तपासणी नाका. गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणायला परमिट लागतं. उत्पादन शुल्कवाले डिकी उघडायला लावतात. परमिट नसलेला माल सापडला तर मालाबरोबर गाडीही जप्त होते, आणि गाडी भाड्याची. मालकाला फोन करून काय सांगणार? पाहुण्यांच्या बॅगा एकदा तुम्हीच चाचपा.

डोंबिवलीचा_मामा

बाबू, हे फार कामाचं. दोन शंका. गोव्याची गाडी महाराष्ट्रात नेता येते ना? आणि ऑटोमॅटिक घाटात चढते का? परतीला चोर्ला घाटातून बेळगावला एका नातेवाइकांकडे जायचं घाटतंय.

पेडण्याचो

राज्याबाहेर नेण्याचं मालकाला आधी विचारायचं. काहींची परवानगी फक्त गोव्यापुरती असते, काही जादा पैसे घेऊन देतात. करारावर 'महाराष्ट्र, कर्नाटक' असं लिहून घ्या आणि आरसी, विमा, परमिट, पीयूसी गाडीत आहेत का ते किल्ली घेतानाच बघा.

चोर्ल्याला स्वस्तातली ऑटोमॅटिक, ती एएमटी म्हणतात ती, चढावर गिअर बदलताना क्षणभर दम घेते. ट्रक ओव्हरटेक करायला निघालात आणि नेमका तेव्हा दम घेतला की पोटात गोळा येतो. चढते, पण घाईने ओव्हरटेक नको.

गोव्यातल्या गोव्यात दोन-तीन गोष्टी. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायची नाही. गुन्हा दाखल होतो, आणि रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. पणजीतला अटल सेतू दुचाकींना बंद आहे, कारला चालतो. मुंबईतला अटल सेतू वेगळा, मॅपवर नाव टाकताना बघा. दिवाडीला जाणार असाल तर फेरीबोटीत गाडी चढवायची मजा पोराला द्या, चारचाकीला किरकोळ पैसे. चढताना बोटीचा माणूस हात दाखवेल तसंच घ्यायचं, आपली अक्कल लावायची नाही.

ताई_नाशिकच्या

बघा, म्हणूनच म्हटलं ड्रायव्हर घ्या!

बरं, गाडीत लहान मूल असेल तर? भाचीचं बाळ दोन वर्षांचं आहे ना मामा, मागे लिहिलं होतंत.

क्लेमवाला

चांगला मुद्दा काढलात. आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १९४बी खाली १००० रुपये. पण भाड्याच्या गाडीबरोबर बालआसन मिळेल या भरवशावर राहू नका. तिकडून स्वतःचं आणा आणि गाडी ठरवतानाच मागच्या सीटला आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन अडकवायचे, हूक आहेत का विचारा. मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. गाडी ताब्यात घेताना मागचे पट्टे सीटखाली गडप झालेले असतात, ते आधी ओढून बाहेर काढा.

तेव्हाच व्हिडिओ काढा. चारही बाजू, चाकांच्या रिम, पुढच्या बंपरचा खालचा भाग, काचेवरचा खड्याचा डाग, किलोमीटर, पेट्रोलचा काटा. देणाऱ्याचा माणूस घाई करतो, "सर, सब ठीक है." करू दे. व्हिडिओ त्याच्यासमोर काढा आणि लगेच त्यालाच पाठवा, म्हणजे तारीख-वेळ दोघांकडे राहते.

अपघात झालाच तर ११२. कोणी जखमी असेल तर आधी त्याला दवाखान्यात पोचवणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमावाकडून जिवाला धोका वाटला तर थेट पोलीस ठाण्यात जायचं. पळायचं नाही, आणि "दोन हजार घ्या, मिटवा" मध्ये पडायचं नाही. मिटवलेल्या प्रकरणाचा कागद नसतो, आणि कागद नसला की क्लेम नसतो. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५पासून केंद्राची दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजना आहे, सात दिवसांसाठी. दवाखान्याने खळखळ केली तर नाव घेऊन सांगा.

एडिसनकर

टोलचं राहिलं. फास्टॅग गाडीवर असतोच, पैसे मालकाच्या खात्यातून जातात आणि तो तुमच्याकडून घेतो. शिल्लक आहे का विचारून घ्या, टॅग रिकामा निघाला तर नाक्यावर जास्तीचा भुर्दंड. आणि ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, तुम्ही अमेरिकेत परत पोचल्यावर. म्हणून बरेच जण डिपॉझिटमधले थोडे पैसे काही दिवस अडकवून ठेवतात. ते किती दिवस, कोणत्या खात्यात परत येणार, हे ठरवून घ्या. परदेशी कार्डावर परतावा म्हणजे चलनबदलाचीही कात्री. मामा, डिपॉझिट तुम्हीच यूपीआयने भरा, करार भाच्याच्या नावावर असला तरी त्याला हरकत नसते.

लांबचा_प्रवासी

थोडं अवांतर. मी भारतीय नागरिकच आहे, दुबईत राहतो. माझं भारतातलं लायसन्स २०२२ला संपलं. ते चालेल का, की दुबईचं वापरू?

क्लेमवाला

संपलेलं लायसन्स म्हणजे लायसन्स नाही. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत असतात तर सरकारच्या सारथी पोर्टलवरून नूतनीकरण झालं असतं. वर्ष उलटलं की आरटीओत पुन्हा चाचणी. या सुट्टीत तेवढं करून टाका, पुढच्या प्रत्येक वेळेला उपयोगी.

डोंबिवलीचा_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. पेडण्याचो यांनी सांगितल्याप्रमाणे दोघा परवानेवाल्यांशी बोललो. एकाने "नाव कोणाचंही टाका हो" म्हटलं, त्याला तिथेच सोडला. दुसऱ्याने आयडीपीचा फोटो आणि शिक्का कोणत्या रकान्यात आहे ते विचारलं. त्याच्याकडे लहान ऑटोमॅटिक ठरवली, करार भाच्याच्या नावावर, मी दुसरा चालक. चोर्ला रद्द, बेळगावकरांनाच मालवणला बोलावलंय. देवगडचा एक दिवस बाबूने ओळखीचा ड्रायव्हर द्यायचं कबूल केलंय, ताई खूश व्हा. भाचा थोडा फुरंगटला आहे.

आता एकच अडलंय. गाडी कुडाळ स्टेशनवर सोडायची म्हटलं तर न्यायला येणाऱ्या माणसाचे वेगळे पैसे मागतोय, जवळजवळ एका दिवसाचं भाडं.

कुडाळचो_बाबू

मग कुडाळला सोडूच नका. गाडी घेऊन परत थिवीला जा, ती मालकाच्या दारातच पडते. मडगाव-मुंबई वंदे भारत थिवीला थांबते आणि तुमच्या ठाण्यालाही. वार बघून घ्या, रोज नसते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, नाताळचं आहे तर त्याच दिवशी सकाळी आठला बसा लॅपटॉप घेऊन.